अठरावरची लाल रेघ

४ मार्च, सोमवार

आजवर मी दुसऱ्यांचे शब्द रंगवत आले. 'दार हळू लावा.' 'येथे गाडी लावू नये.' 'कुत्र्यापासून सावध.' पाट्या रंगवणाऱ्या बाईला स्वतःचं काही लिहायला वेळ कुठला! पण आज दादाने नोकरी सोडून घेतलेल्या कारखान्याचं शटर उघडलं, आणि मला म्हणाला, "पेंटर, तू पण यात आहेस हं. नुसती पाटी रंगवून पळायचं नाही." म्हणून ही वही.

कारखाना म्हणायचं आपलं एक. पत्र्याची शेड, साखर विरघळवायची दोन मोठाली पातेली, एक पंप, आणि मागे उभी लोखंडी टाकी. आधीचा मालक त्या टाकीत पाणी साठवून विकायचा. दादा तिच्यात साखरेचा घट्ट पाक साठवून बिस्किटं आणि गोळ्या करणाऱ्यांना देणार.

टाकी आतून अठरा फूट उंच. बाहेरून चढायला शिडी. तळाशी, आत शिरून सफाई करायला, एक गोल लोखंडी दार. ते सोळा बोल्टांनी आवळलेलं. दाराशेजारी ताटलीएवढी डायल. शून्यापासून अठरापर्यंत आकडे, प्रत्येकापुढे 'फूट', अठरावर एक जाड लाल रेघ, त्यापुढे रिकामी जागा. आकडे कुणी काढलेत देव जाणे! आठ तर पोटात गोळा आल्यासारखा वाकलाय. मला बघवेना.

टाकीबरोबर एक माणूसही मिळाला. बावीस वर्षं हीच टाकी सांभाळतायत. सगळे त्यांना टाकीकाका म्हणतात, आपणही तेच म्हणायचं ठरलं. बोलतात कमी, टाकीवर हात फिरवतात जास्त.

७ मार्च, गुरुवार

टाकी धुऊन पाण्याने काठोकाठ भरली. काटा बरोबर अठरावर येऊन थांबला. दोन दिवस तशीच ठेवून बघू म्हणाला दादा, पण सकाळपासून एक थेंब गळला नाही. "बघितलंस? जुनं लोखंड!" असं म्हणून त्याने टाकीला अशी थाप मारली, जशी काही त्यानेच ती बनवली.

वहिनीने डबा पाठवला होता. काकांनी आमच्यात बसून खाल्लं नाही, टाकीच्या सावलीत बसून खाल्लं.

११ मार्च, सोमवार

पहिला पाक! दोन दिवस सगळं अंग चिकट. पंप चालू केला आणि मी आणि दादा डायलपुढे उभे राहिलो, लहान मुलं खेळ बघतात तसे. काटा अठरावर आला तशी काकांनी पंप बंद केला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग दादा शिडीने वर चढला आणि वरूनच ओरडला, "अरे, ही तर भरलीच नाही!" मीही चढून पाहिलं. खरंच, चांगली साडेचार फूट रिकामी! आत माणूस बसवता येईल एवढी जागा.

दादा खाली येऊन काकांना म्हणाला, "चालू करा पंप." काका म्हणाले, "काटा अठरावर आहे, साहेब. पुढे लाल रेघ आहे." दादा म्हणाला, "रेघ गेली खड्ड्यात, आत जागा दिसतेय मला." काका म्हणाले, "ते खरं आहे. पण काटा अठरावर आहे." असं चार वेळा. एकाला आतलं दिसत होतं, दुसऱ्याला डायल. शेवटी दादा चिडून निघून गेला आणि पंप बंदच राहिला.

आता माझं मत. काटा बिघडलाय. पाण्यात खरं बोलतो आणि पाकात खोटं, हे कसलं यंत्र? जुना झाला की माणूससुद्धा असाच वागतो. (हे मी काकांना उद्देशून लिहिलेलं नाही. थोडंसं लिहिलंय.)

१४ मार्च, गुरुवार

आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

दादा कालपासून पाक पिंपांमध्ये काढतोय, टाकी हळूहळू खाली जातेय. मी एका दोरीला पाना बांधला, दोरीला प्रत्येक फुटावर रंगाची खूण केली, आणि वरून सोडून पातळी मोजत बसले. मी शिडीवर, काका खाली डायलपाशी. मी ओरडायचे, "नऊ फूट!" ते ओरडायचे, "काटा बारावर!" मी, "सहा!" ते, "आठ!" मी, "तीन!" ते, "चार!" प्रत्येक वेळी काटा त्याच प्रमाणात पुढे, चारास तीन. म्हणजे खोटं बोलतोय, पण नेमाने खोटं बोलतोय. असल्या खोटारड्याला सुधारणं सोपं.

मी डायलची काच काढली, कडं सोडवलं, सगळी पांढऱ्या रंगाने रंगवून वाळवली, आणि आकडे नव्याने टाकले. चारच्या जागी तीन. आठच्या जागी सहा. बाराच्या जागी नऊ. पुढे रिकाम्या जागेत, जिथे चोवीस आला असता, तिथे अठरा. ती कळकट लाल रेघही गेली. आणि आकडे काय उतरलेत! अठराचा आठ तर बघत राहावा. खरं सांगू, इतकं स्वच्छ काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

काका हे सगळं हात बांधून बघत होते. मग म्हणाले, "ताई, काटा उंची नाही दाखवत. खाली किती भार पडलाय ते दाखवतो."

"मग त्यावर 'फूट' का लिहिलंय?"

"ते पाण्याचे फूट."

मला हसू आवरेना. "काका, फूट म्हणजे फूट. पाण्याचे वेगळे आणि पाकाचे वेगळे असतात होय? उद्या म्हणाल, दुधाचं मीटर आणि तेलाचा किलोमीटर!"

दादाही हसला. काका थोडे हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, "मला सांगता येत नाही तुमच्यासारखं. पण घट्ट माल आहे, ताई. तळाला सोसायला लागतं."

बिचाऱ्यांना वाईट वाटलं असेल. बावीस वर्षं ज्या डायलकडे बघितलं ती एका दुपारी बदलली की कुणालाही वाटेल.

१८ मार्च, सोमवार

नव्या डायलवर सोळा फूट भरले. दादा खूश. दोरी टाकून पाहिलं, सोळा म्हणजे सोळा, सुतभर फरक नाही. माझी डायल!

एक बारीकसं. तळाच्या गोल दाराच्या बोल्टांपाशी मुंग्यांची रांग लागलीय. जवळ जाऊन पाहिलं तर चार-पाच बोल्टांशी पाकाचे मणी. वरच्या जोडांवर मात्र काही नाही, अगदी कोरडे. मी काकांना विचारलं, "खालीच का हो गळतं?" ते म्हणाले, "वरच्याला वरचाच भार. खालच्याला सगळ्यांचा." त्यांनी पान्याने बोल्ट आवळून पाहिले, अजून अर्धा आटा सुद्धा फिरेना. "आधीच आवळलेत," म्हणाले.

दाराचा तो भाग मुंग्यांनी काळा झालेला कसा दिसेल गिऱ्हाइकाला! मी बोल्ट पुसून त्यावर राखाडी रंगाचा हात मारला. आता नवंकोरं दिसतंय.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी मोठी मागणी आली. दादाला टाकी पूर्ण भरून हवी होती. काका पंपापाशी जाऊन उभे राहिले आणि सतरावर त्यांनी हात बटणावर ठेवला.

मी तिथेच होते. म्हटलं, "काका, अजून एक फूट आहे."

"ताई, राहू दे ना. सतरा बास झाले."

खरं तर मला राग यायचं काही कारण नव्हतं. पण दोन दिवस दादा त्यांच्याबद्दल कुरकुरत होता, उन्हाने डोकं तापलेलं, आणि माझ्या डायलवर कुणी शंका घेतली की मला झोंबतं. मी म्हटलं, "लिहिलंय ना तिथे? वाचता येतं ना तुम्हाला?"

काकांनी खिशातून चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, डायलजवळ गेले आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं, "अठरा." मग पंप चालू ठेवला.

हे मी बोलायला नको होतं. उद्या गोड बोलून टाकेन.

२३ मार्च, शनिवार

टाकी फुटली. काका दारासमोर होते.

२४ मार्च, रविवार

काल एक ओळ लिहिली आणि पेन चालेना. आज लिहिते, कारण डोळे मिटले की तेच दिसतंय.

साडेनऊ वाजले होते. मी शेडच्या टाकीकडच्या भिंतीवर नाव रंगवत होते. काका तळाच्या दारापाशी वाकून मुंग्या झाडत होते, झाडूचा आवाज मला ऐकू येत होता. मग एक ठोका. मोठा आवाज झाला असं सगळे म्हणतात, मला फक्त एक ठोका आठवतोय, कुणी भिंतीवर हातोडा घातल्यासारखा. मी वळून पाहिलं तर ते गोल दार टाकीवर नव्हतं. ते समोरच्या भिंतीपाशी होतं, आणि काका त्याच्याखाली. आणि टाकीतून पाक बाहेर येत होता. पाण्यासारखा उडत नव्हता. जाड, भरीव, माणसाच्या कमरेएवढा झोत सरळ आडवा येत होता. पातेली, पिंपं, लाकडी खुर्ची, सगळं घेऊन गेला. मी मागच्या ओट्यावर चढले म्हणून वाचले.

सगळ्यात भयंकर काय, तर शांतता. पाण्याला आवाज असतो. हा माल नुसता येत राहिला.

दादा आणि मी गुडघाभर पाकात काकांपर्यंत पोहोचलो. पाय उचलावा तर सुटेना, बूट आतच राहिला. काका शुद्धीत होते. तोंडावरचा पाक पुसला तर पहिलं काय म्हणाले? "पंप बंद करा." पंप आदल्या दिवशीच बंद झाला होता.

२५ मार्च, सोमवार

डावा पाय गुडघ्याखाली कापला.

मी ही ओळ तीनदा लिहून पाहिली. अक्षर तेच येतंय, सुरेख. माझी मलाच किळस आली.

२६ मार्च, मंगळवार

टाकी कुजकी होती, दुसरं काय! बावीस वर्षांचं लोखंड. बोल्ट झिजले असणार. दादालाही तेच वाटतं. आधीच्या मालकाने आमच्या गळ्यात भंगार मारलं.

काकू दवाखान्यातल्या बाकावर बसून होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरून ठेवला, दोन तास. केसात अजून पाक होता माझ्या. त्या तो नखाने काढत बसल्या. मला रडायलाही येईना.

२७ मार्च, बुधवार

आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. वहीला सांगते.

दुपारी दादा माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली. स्टुलावर बसला. मग म्हणाला, "उद्या निरीक्षक येणार आहेत."

"येऊ देत. टाकी कुजकी होती, सांगू."

"डायल बघतील ते." मग खाली बघत म्हणाला, "पेंटर, ती पहिल्यासारखी करून दे. जुने आकडे, लाल रेघ. जशी होती तशी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाला? डायलमुळे थोडंच फुटलं?"

"नाही ना फुटलं? मग बदलली काय आणि न बदलली काय! उगाच नवीन आकडे बघून प्रश्न विचारतील. कुणी केले, का केले, कुणाला विचारून केले. मला आत टाकतील गं. दोन लेकरं आहेत."

"आणि काका? ते सांगतील ना."

"त्यांचं सगळं मी बघीन. औषधपाणी, घर, आयुष्यभर. शप्पथ."

बाबा गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. माझी शाळेची फी त्याने भरली, माझा पहिला ब्रश त्याने आणला. तो माझ्यासमोर असा कधी बसला नव्हता, हात जोडून. मी डबा उचलला.

शेडमध्ये फरशी अजून पावलांना धरते. काटा शून्यावर पडलेला. मी काच काढली, सगळं पांढरं केलं, वाळायचीही वाट पाहिली नाही, जाड हात दिला. वर ते जुने आकडे काढले, मुद्दाम वाकडे. पोट वाकलेला आठ. मग अठरावर लाल रेघ, आणि ती जरा मळवली सुद्धा, बोटाने.

एकही आकडा पुसून पुन्हा काढावा लागला नाही. घरी आल्यावर आरशात पाहून मला माझीच भीती वाटली.

२८ मार्च, गुरुवार

निरीक्षक आले. लांबट चेहऱ्याचे, बोलणं हळू. टाकीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं, भिंतीला चिकटलेला पाकाचा पट्टा पार वरपर्यंत होता. म्हणाले, "अठरा फूट पाक होता आत. म्हणजे काटा चोवीसच्या घरात गेला असणार."

हे तिथे नव्हते. यांना कसं माहीत? काटा खरंच तिथे होता. मी जिथे अठरा लिहिला होता तिथे, जिथे चोवीस आला असता तिथे.

मग त्यांनी डायलचा फोटो काढला आणि विचारलं, "टाकीवाल्याला लाल रेघ दिसली नाही?"

दादा म्हणाला, "वय झालंय, साहेब. नजर कमी झालीय."

मी उभी होते. ऐकत राहिले. दादाने हे आपणहून सांगितलं. मला आधी सांगितलं नव्हतं की तो काकांवर ढकलणार आहे. निरीक्षकांनी डायल सोडवून पिशवीत घातली आणि घेऊन गेले.

बाहेर आल्यावर मी दादाचा दंड धरला. "हे काय बोललास तू?" तो म्हणाला, "मग काय बोलायचं होतं? तू सांग."

३० मार्च, शनिवार

दवाखान्यात गेले. जायलाच नको होतं. नाही, जायलाच हवं होतं, आधीच.

काका बसते झालेत. चादरीखाली एका बाजूला सपाट. मी तिकडे न बघायचं ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते.

मला बघून चेहरा उजळला त्यांचा. मला! काकूंना म्हणाले, "तू जरा पाणी आण." त्या गेल्यावर हळूच म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. बरं झालं आलात. काल साहेब येऊन गेले. म्हणाले, तुम्ही लाल रेघेच्या पुढे भरलं. मी म्हटलं, साहेब, रेघ नव्हती, ताईंनी डायल नवी केली होती. त्यांनी मला फोटो दाखवला." त्यांनी दाराकडे पाहिलं. "रेघ आहे हो फोटोत. जुने आकडे आहेत. सगळं जुनं."

मी खाटेची कड धरली.

"डॉक्टर म्हणाले, ताप होता, भूल दिली होती, अशात माणसाला नसलेलं आठवतं. असेलही. पण मला तर तुम्ही शिडीवर दिसता. दोरी घेऊन. 'नऊ फूट' म्हणून ओरडताय." त्यांनी कपाळाला हात लावला. "माझं डोकं फिरलंय का, ताई? तुम्ही खरं सांगाल. रेघ होती का?"

मी म्हणाले, "होती, काका."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग माझीच चूक. देवा रे! माझ्या हातून."

मी जिन्यावरून कशी उतरले मला आठवत नाही.

३१ मार्च, रविवार

काल घरी आल्यापासून एकच धरून बसले होते: टाकी कुजकी होती, डायलमुळे काही झालं नाही. म्हणजे मी काकांशी खोटं बोलले, पण त्यांचा पाय माझ्यामुळे गेला नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी उभी होते.

आज दुकानात सामान लावत होते. हाताला काम हवं म्हणून. डाव्या हातात टर्पेंटाइनचा डबा, उजव्या हातात पांढऱ्या रंगाचा. दोन्ही एकाच मापाचे, दोन्ही गच्च भरलेले. उजवा हात खाली गेला.

रोज जातो. अठरा वर्षं रोज जातोय. शिडीवर चढताना रंगाचा डबा मी उजव्या हातात धरते, कारण डावा दुखतो. मला कुणी शिकवायची गरज नव्हती की एका मापाचे दोन डबे एका वजनाचे नसतात. आत काय आहे त्यावर असतं.

मी तशीच उभी राहिले, दोन हातांत दोन डबे घेऊन.

मग वहिनीकडे गेले, पाकाचं एक भांडं आणि पाण्याचं तेवढंच भांडं वजनकाट्यावर ठेवलं. पाणी तीन किलो. पाक चार. चारास तीन. तोच हिशोब जो मी शिडीवरून ओरडून सांगत होते आणि काका खालून ओरडून सांगत होते.

काटा खोटं बोलत नव्हता. एकदाही बोलला नाही. तळाच्या त्या दारावर अठरा फूट पाण्याएवढा भार आला की तो अठरा दाखवायचा, मग तो अठरा फूट पाण्याचा असो की साडेतेरा फूट पाकाचा. दार तेवढंच सोसणारं होतं. लाल रेघ त्यासाठी होती. मी ती पुसली आणि चोवीस फुटांच्या भारावर सुंदर अक्षरात 'अठरा' लिहिलं. आणि जेव्हा तळ घामाघूम होऊन गळायला लागला, तेव्हा त्यावर राखाडी रंग मारला. आणि ज्या माणसाने हे सगळं मला चार शब्दांत सांगितलं, त्याला विचारलं, वाचता येतं का.

"काय झालं गं?" वहिनी म्हणाली. "पांढरी पडलीस."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दादाचंही. ती ओट्याला धरून खाली बसली. मग म्हणाली, "मला यातलं काही सांगू नकोस म्हणणार होते मी. पण आता सांगितलंस."

१ एप्रिल, सोमवार

दादाला सांगितलं की मी उद्या बोलणार. उद्या निरीक्षक दवाखान्यात येऊन काकांची सही घेणार आहेत, चूक कबूल केल्याची.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार? डायलवर जुने आकडे आहेत. मी सांगीन, पोरीला धक्का बसलाय."

२ एप्रिल, मंगळवार

पिशवीत टर्पेंटाइनची बाटली आणि जुन्या सुती साडीचा बोळा घेऊन गेले.

निरीक्षक काकांच्या खाटेशी बसले होते, मांडीवर कागद. डायल चादरीवर ठेवलेली. काकू उशाशी उभ्या, दादा दारापाशी. काकांच्या हातात पेन दिलेलं होतं.

मी म्हणाले, "साहेब, सही नका घेऊ. ही डायल मी रंगवलीय. दोनदा."

दादा लगेच पुढे आला. "साहेब, हिला त्या दिवसापासून झोप नाही. काहीही बोलते." निरीक्षक माझ्याकडे दयेने बघायला लागले. खरंच दयेने! मला समजेना हसावं की ओरडावं.

मी बोळा भिजवला. नर्स धावत आली, "अहो, हा कसला वास! इथे नाही चालणार!" मी म्हटलं, "एक मिनिट, सिस्टर, फक्त एक मिनिट." आणि डायल घासायला लागले.

सहा दिवसांचा रंग वरून वाळलेला वाटतो, आतून कच्चा असतो, त्यात मी घाईत जाड हात दिला होता. लाल रेघ आधी सुटली. बोळ्यावर गुलाबी डाग पडला. मग तो पोट वाकलेला आठ गेला. मग पांढरा थर चिखलासारखा सरकायला लागला, आणि त्याच्या खालून, आधीचा, घट्ट वाळलेला, माझा अठरा वर आला. जिथे चोवीस असायला हवा होता तिथे. सुबक, काळाभोर.

निरीक्षकांनी डायल हातात घेतली, उजेडाकडे धरली. "ही लाल रेघ मूळ कुठे होती?"

मी बोट ठेवलं. "इथे. माझ्या साडेतेरापाशी."

"कुणी पुसली?"

"मी. चौदा तारखेला. काकांनी नको म्हटलं होतं. आणि फोटोत दिसली ती पण मीच काढली, सत्तावीस तारखेला."

"कुणी सांगितलं होतं?"

मी दाराकडे पाहिलं. दादा भिंतीला टेकून खाली बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. मला ते नाव घ्यावं लागलं नाही. त्यानेच हात वर केला, वर्गात मूल करतं तसा.

मग मी काकांकडे वळले. पाया पडायचं म्हणून वाकले आणि तिथे एकच पाऊल दिसलं, तशी मधेच थांबले. म्हटलं, "काका, रेघ नव्हती. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं. मी खोटं बोलले."

काका डायलकडे बघत होते. त्यांनी आधी काकूंना सांगितलं, "बघ. होतं ना माझं डोकं ठिकाणावर?" आणि लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी पुढे केलेला हात काकूंनी बाजूला केला, जोरात नाही, वाटेतली फांदी बाजूला करतात तसा.

थोड्या वेळाने काकांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पाय गेला तेव्हा एवढं नव्हतं वाटलं, ताई," ते म्हणाले. "तीन दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो. तुम्ही सांगितलं म्हणून."

निरीक्षकांनी नवा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. काकांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मला विचारायचं धाडसही झालं नाही.